विजय कशाचा पुरावा?

इस्लामच्या पहिल्या शतकाबद्दल आपल्याकडे दोन वाक्ये इतकी रुळली आहेत की ती उच्चारताना कोणी क्षणभर थांबत नाही. एक म्हणते, हा धर्म तलवारीच्या जोरावर पसरला. दुसरे म्हणते, धर्म खरा होता म्हणूनच मूठभर वाळवंटी माणसांना दोन बलाढ्य साम्राज्ये लोळवता आली. पहिले वाक्य आरोपाचे, दुसरे अभिमानाचे. ती बोलणारी माणसे समोरासमोर आली तर वाद हातघाईवर जाईल; पण दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत आहे. साम्राज्याचा नकाशा आणि धर्माचा नकाशा एकच होता, राज्य ज्या कारणाने वाढले त्याच कारणाने धर्म वाढला, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते त्या कारणाला चांगले म्हणायचे की वाईट, एवढ्यापुरते. मला ही समजूतच पोकळ वाटते. राज्य वाढणे आणि श्रद्धा रुजणे या वेगवेगळ्या गतीच्या, वेगवेगळ्या कारणांच्या घडामोडी आहेत. आणि लष्करी विजयातून एखाद्या धर्माच्या खरेखोटेपणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, त्या धर्माच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. मी जिथून लिहितो ते वाशीम जिल्ह्यातले जऊळका मक्का-मदिनेपासून फार लांब आहे खरे, पण हा प्रश्न तपासायला ही जागा वाईट नाही. या मुलखावर इतक्या धर्मांच्या राजांनी राज्य केले आहे की राजाचा धर्म आणि रयतेचा धर्म यांचे नाते पाहायला घरचाच दाखला मिळतो. जवळचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथला हरिषेण वैदिक यज्ञयाग करणाऱ्या घराण्यातला, आणि त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध संघाला अर्पण करणारा.

आधी घडले काय ते पाहू. प्रेषित मुहंमद ६३२ मध्ये वारले तेव्हा त्यांची सत्ता अरबस्तानापुरतीच होती. पुढच्या वीस वर्षांत जे झाले ते कोणत्याही काळात थक्क करणारे ठरले असते. ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईत बायझंटाइन सैन्य मोडले आणि सीरिया हातचा गेला. त्याच सुमारास कादिसियाला इराणच्या सासानी सैन्याचा पराभव झाला, त्यांची राजधानी मदाइन पडली, ६४२ मध्ये नहावंदला त्यांचा संघटित प्रतिकार मोडला. ६४१ मध्ये अलेक्झांड्रियाने शरणागतीचा तह केला. ६५१ मध्ये शेवटचा सासानी सम्राट तिसरा यज्दगर्द पळता पळता मर्वजवळ मारला गेला. ७११-१२ पर्यंत एका टोकाला स्पेन आणि दुसऱ्या टोकाला सिंध या राज्यात आले होते. हे पाहून चमत्काराची भाषा सुचावी यात नवल नाही. पण चमत्कार म्हणण्यापूर्वी आधीची पंचवीस वर्षे पाहायला हवीत. ६०२ ते ६२८ या काळात बायझंटियम आणि इराण एकमेकांशी जिवाच्या आकांताने लढले. इराण्यांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले, पुढे इजिप्तही घेतला. मग सम्राट हेराक्लियसने उलट मुसंडी मारून इराणच्या काळजालाच हात घातला. ६२८ मध्ये दुसऱ्या खुस्रोचा त्याच्याच मुलाच्या संमतीने खून झाला आणि पुढची चार वर्षे सासानी सिंहासनावर एकामागून एक माणसे चढत आणि पडत राहिली. दोन्हीकडचे खजिने रिकामे, प्रांत उजाड, त्यात ५४१ पासून अधूनमधून डोके वर काढणारी प्लेगची साथ. अरबांना वेशीवर थोपवणारे हीरा शहराचे लख्मी राज्य खुस्रोने ६०२ च्या सुमारास स्वतःच मोडून टाकले होते. अरब टोळ्यांची माणसे दोन्ही सैन्यांत भाडोत्री लढलेली, त्यामुळे वाटा आणि पाणवठे त्यांना ठाऊक. उंटामुळे वाळवंट त्यांना अडसर वाटत नव्हते, उलट हरल्यास मागे सरकायला ते हक्काचे होते. खलिफा उमरने लढवय्यांच्या नावांची नोंदवही करून लुटीच्या लहरीवर अवलंबून असलेली कमाई नियमित वेतनात बदलली. राज्य उभे राहायला जे लागते ते इथे सगळे आहे, आणि यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी इतिहासकाराला आकाशाकडे पाहावे लागत नाही.

आता हे राज्य आल्याने जिंकलेल्या लोकांचे काय झाले, ते पाहू. इजिप्तमधला पपायरसचा एक तुकडा आज व्हिएन्नामध्ये आहे. हिजरी सन २२, म्हणजे इ.स. ६४३ मधला हा कागद तारीख असलेल्या सर्वांत जुन्या अरबी कागदांपैकी एक. त्यात काय असावे? अरब सेनानीने स्थानिक अधिकाऱ्यांकडून पासष्ट मेंढ्या घेतल्याची पावती, ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत. नव्या साम्राज्याचा आपल्या हाती लागलेला हा अगदी सुरुवातीचा कागद धर्मोपदेशाचा नाही, हिशेबाचा आहे, आणि त्यातही जुन्या कारकुनांची भाषा कायम आहे. पुढची पन्नास वर्षे दमास्कसचे दप्तर ग्रीकमध्ये आणि इराकचे पहलवीत चालू होते; खलिफा अब्द अल-मलिकने सातव्या शतकाच्या शेवटी ते अरबीत आणले. विजेते बहुतेक ठिकाणी जुन्या शहरांत मिसळले नाहीत. त्यांनी बसरा, कुफा, फुस्तात अशी स्वतःची छावणीशहरे वसवली. पॅलेस्टाइन आणि जॉर्डनमधल्या उत्खननांत सातव्या-आठव्या शतकातही नवी चर्च बांधल्याच्या, जुन्यांत रंगीत फरश्या बसवल्याच्या खुणा मिळतात. याहून बोलकी गोष्ट म्हणजे राज्यकर्त्यांना धर्मांतर फारसे नकोच होते. इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात शेतकरी मुसलमान होऊन शहराकडे येऊ लागले तेव्हा त्याने त्यांना पकडून गावी परत पाठवले आणि कर चालू ठेवले, कारण जिझिया हा बिगरमुसलमानांवरचा कर बुडत होता. खलिफा दुसरा उमर (७१७ ते ७२०) याने ही पद्धत बंद करायचा प्रयत्न केला. प्रेषिताला वाट दाखवायला पाठवले होते, वसुलीला नाही, अशा अर्थाची ताकीद त्याने अधिकाऱ्यांना दिल्याची परंपरा आहे. ताकीद द्यावी लागली यातच सगळे आले. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७९ मध्ये एक वेगळीच युक्ती केली: जुन्या चरित्रकोशांतल्या वंशावळी घेऊन कोणत्या पिढीत इराणी नाव जाऊन मुसलमानी नाव आले ते मोजले. त्यातून निघाले असे की इराणात निम्मे लोक मुसलमान व्हायला नववे शतक उजाडावे लागले. चरित्रकोशांत येतात ती शहरातली शिकलेली घराणी. तेव्हा खेडी याच्याही मागे असणार. राज्य वीस वर्षांत बदलले, धर्म बदलायला दोनशे वर्षे लागली. एकाच कारणाची दोन फळे इतक्या अंतराने लागत नाहीत.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. तलवार गळ्यावर धरली नाही म्हणून जबरदस्ती नव्हती असे थोडेच होते? जिझिया हा दुय्यमपणाचा शिक्काच होता. दोनशे वर्षे कर, सामाजिक कमीपणा, दरबारातल्या बंद वाटा यांचा दाब पडत राहिला तर माणूस कधीतरी वाकतोच. शिवाय प्रत्यक्ष रक्तपातही झालाच. बलाधुरी या नवव्या शतकातल्या मुसलमान इतिहासकारानेच लिहिले आहे की सिंधवर चालून गेलेल्या मुहंमद बिन कासिमने देवल बंदर घेतले तेव्हा तीन दिवस कत्तल चालली आणि देवळातल्या पुजाऱ्यांनाही सोडले नाही. हे झाकून ठेवणारा इतिहास कुचकामाचा. गुलामांचा व्यापार, लूट, स्त्रियांची वाटणी हे त्या काळातल्या सगळ्याच विजेत्यांनी केले, आणि या विजेत्यांनीही केले. धर्माने त्यांना त्यातून बाहेर काढले असे म्हणणे खोटे होईल. पण ही कबुली दिल्यावरही मूळ मुद्दा जागेवरच राहतो. देवलची कत्तल राज्यविस्ताराची किंमत दाखवते, धर्मप्रसाराची रीत दाखवत नाही. त्याच मुहंमद बिन कासिमच्या ताब्यात मुलतानचे सूर्यमंदिर आले आणि ते उभे राहिले, कारण यात्रेकरूंचे उत्पन्न मोठे होते. नंतरच्या अरब प्रवाशांनी तर गंमतच नोंदवली आहे: शेजारचा हिंदू राजा चालून येऊ लागला की मुलतानचे अमीर मूर्ती फोडण्याची धमकी देत, आणि सैन्य परत फिरे. एका सूर्यमूर्तीने मुसलमान राज्याचे रक्षण केले! ती पुढे फोडली, पण ती इस्माइली पंथाच्या सत्ताधाऱ्यांनी, दहाव्या शतकात, आधीच्या मुसलमानांना हटवून. कर आणि कमीपणाच्या दाबाबद्दल म्हणायचे तर तो होता. पण दाबामुळे झालेले धर्मांतर हा त्या राज्याचा दोष आहे. राज्याच्या दोषावरून शिकवणीचा निवाडा करायचा तर युरोपात शार्लमेनने सॅक्सनांना ज्या रीतीने बाप्तिस्मा दिला त्यावरून येशूच्या उपदेशाची किंमत ठरवावी लागेल.

महाराष्ट्राची गोष्ट इथे फार उपयोगाची आहे, कारण इथे राज्य आणि धर्म यांची फारकत अक्षरशः ताम्रपटावर कोरलेली सापडते. बलाधुरी सांगतो की खलिफा उमरच्या काळात, ६३६ च्या सुमारास, बहारीन-ओमानचा सुभेदार उस्मान अल-सकफी याने ठाण्यावर आरमारी स्वारी पाठवली. ती खलिफाला विचारून केलेली नव्हती. उमर संतापला, माणसे समुद्रात हरवली असती तर तितकी तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असे त्याने सुभेदाराला खडसावले. इस्लामच्या जन्मानंतर इतक्या लवकर अरब सैन्य कोकणच्या किनाऱ्याला लागले, आणि त्याची इथे काहीही खूण उरली नाही. पुढे सिंध घेतल्यावर अरबांनी गुजरातमार्गे दक्षिणेकडे येण्याचा नेटाने प्रयत्न केला. कच्छ, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर अशी राज्ये तुडवत आलेले हे ताजिक, म्हणजे अरब, सैन्य नवसारीपाशी चालुक्य सामंत अवनिजनाश्रय पुलकेशीने परतवले. त्याच्या ७३९ मधल्या नवसारी ताम्रपटात हे सविस्तर आहे, आणि खूश झालेल्या बदामीच्या सम्राटाने त्याला दिलेल्या चार पदव्याही आहेत. अरब तलवारीची महाराष्ट्राकडची कहाणी इथे संपते. यानंतर जे सुरू झाले ते अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे, पण त्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते. आठव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूट सत्तेवर आले. अरब त्यांच्या राजाला बल्हारा म्हणत. व्यापारी सुलेमानच्या नावावर असलेल्या ८५१ मधल्या वृत्तान्तात जगातल्या चार मोठ्या राजांत बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंगतीला बल्हारा बसवला आहे. अरबांवर इतकी मर्जी असलेला राजा हिंदुस्थानात दुसरा नाही, असे तो लिहितो. या राजाच्या प्रजेला तर वाटे की आपले राजे अरबांवर माया करतात म्हणूनच दीर्घायुषी होतात. त्या वेळी गादीवर होता अमोघवर्ष, जो जैन आचार्य जिनसेनांना मानत असे, महालक्ष्मीचीही भक्ती करत असे, आणि चौसष्ट वर्षे राज्य करून प्रजेची समजूत खरी करून गेला.

या मर्जीचा अर्थ किनाऱ्यावर दिसतो. अरब प्रवासी मसऊदी ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा त्याला तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असलेले दिसले: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे आपापसातले तंटे त्यांच्या कायद्याने सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. या मंडळींना नमाज पढायला तलवारीची गरज पडली नाही आणि राजाला धर्म बदलायची गरज पडली नाही. याच्या दहा वर्षांनंतरचा चिंचणीचा ताम्रपट (चिंचणी आज पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात) तर सगळ्या सोप्या समजुतींना सुरुंग लावतो. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. तिसऱ्या इंद्राचे राज्य. संजाणचा अधिपती आहे मधुमती नावाचा ताजिक, सहियारहाराचा मुलगा. म्हणजे बहुधा शहरियारचा मुलगा मुहंमद. त्याची नेमणूक इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याने केली होती. या मुसलमान अधिकाऱ्याने आपल्या हिंदू सम्राटासाठी आसपासची बंदरे जिंकली, लोकांना नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून भगवतीच्या मठिकेच्या खर्चासाठी राजाच्या संमतीने गाव आणि जमीन दान दिली. मुहंमदने देवीच्या मठाला दान दिले म्हणून तो कमी मुसलमान झाला का, आणि त्याच्या तलवारीने बंदरे राष्ट्रकूटांच्या राज्यात आली म्हणून तिथे वैदिक धर्म वाढला का? दोन्ही प्रश्न हास्यास्पद वाटतात. उलट दिशेने विचारले की मात्र आपल्याला ते अगदी सरळ वाटू लागतात. हेही ध्यानात घ्यावे की बल्हाऱ्याचे राज्य काही किनाऱ्यापुरते नव्हते. तिसऱ्या कृष्णाचा ९४० मधला देवळी ताम्रपट वर्ध्याजवळ सापडला. जऊळक्याचा मुलूखही याच सत्तेखाली होता, अरबांनी ज्या राजाला जगातल्या चौघांत बसवले त्याच्याच.

इथे चिकित्सक वाचक म्हणेल: नवसारीला मार खाल्ला म्हणून अरब शहाणे होऊन व्यापाराला लागले, जिथे राज्य मिळाले असते तिथे धर्मही लादला असता. आक्षेप तर्काला धरून आहे, आणि त्याचे उत्तर कोकणात नाही, वऱ्हाडात आहे. अल्लाउद्दीन खलजी एलिचपूर म्हणजे अचलपूरवरून देवगिरीवर गेला तो १२९६ मध्ये. त्यानंतर बहमनी आले, १४९० पासून अचलपूरची इमादशाही आली (तिचा संस्थापक फतहउल्ला मुळात विजयनगरकडचा हिंदू मुलगा, युद्धात पकडलेला), मग अहमदनगर, मग मोगल, मग १८५३ पर्यंत निजाम. सारा कधी भोसल्यांनी वाटून घेतला, पण गादी मुसलमानांचीच. सुमारे साडेपाचशे वर्षे. याला संधी मिळाली नाही असे म्हणता येत नाही. आणि इंग्रजांनी शिरगणती केली तेव्हा वऱ्हाडात मुसलमान दहांत एकही भरले नाहीत. रिचर्ड ईटन यांनी बंगालवरच्या १९९३ मधल्या ग्रंथात हाच प्रकार उपखंडाच्या पातळीवर दाखवला: दिल्ली-आग्रा हा मुसलमान सत्तेचा गाभा, तिथे मुसलमान अल्पसंख्य, आणि दिल्लीची पकड सर्वांत सैल ती पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाबात, तिथे बहुसंख्य. पूर्व बंगालात जंगल तोडून भातशेती वाढवणाऱ्या समाजात पीरांची ठाणी आणि मशिदी उभ्या राहिल्या, आणि धर्म हळूहळू त्या वस्तीच्या घडणीत मिसळला. आपल्याकडे मंगरूळच्या नावाला पीर जोडला गेला तो हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे. कोण्या सुभेदाराच्या स्वारीमुळे नाही. हे दर्गे सगळे सोज्ज्वळ प्रेमाचे होते असे माझे म्हणणे नाही. इनामे, जहागिरी, दरबारी आश्रय त्यांनाही होता. पण राज्याचा जोर जिथे जास्त तिथे धर्म जास्त, हा नियम शोधू गेल्यास सापडत नाही, एवढे आकडे ठणकावून सांगतात. वऱ्हाडात काही सक्तीची धर्मांतरे झाली असतीलच. पण साडेपाचशे वर्षांचे गणित त्यांनी सुटत नाही.

उरतो तो अभिमानाच्या बाजूचा आक्षेप, आणि तो हलका नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९३९ मध्ये इस्लामच्या ऐतिहासिक कामगिरीवर पुस्तक लिहिले. ते स्वतः निरीश्वरवादी, तरी त्यांचे म्हणणे असे की सडलेल्या दोन साम्राज्यांपुढे समतेचा विचार उभा राहिला म्हणून तो जिंकला. विचारात बळ नसते तर टोळ्या एकत्रच आल्या नसत्या. हे मला बऱ्याच अंशी पटते. पहिला खलिफा अबू बकर याच्या दोन वर्षांत जवळजवळ फुटलेला अरबस्तान पुन्हा सांधला गेला तो नुसत्या लुटीच्या आशेने नाही. पण एकत्र आणण्याचे सामर्थ्य आणि खरेपणा यांत फरक आहे. चंगीझखानाने याहून मोठे साम्राज्य उभे केले आणि त्याच्याकडे प्रसार करण्याजोगा धर्मच नव्हता. रॉय ज्या समतेबद्दल बोलतात ती उमय्या घराण्याच्या राज्यात नव्या मुसलमान शेतकऱ्याच्या वाट्याला आली नाही, हे हज्जाजच्या गोष्टीत आपण पाहिलेच. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्यांना उखडले त्या बंडात या उपेक्षित नव्या मुसलमानांचा राग मोठा होता. म्हणजे समतेच्या विचाराने हे साम्राज्य घडवले त्यापेक्षा ते हादरवले असे म्हणणे जास्त बरोबर.

विजय हा सत्याचा पुरावा ही कल्पना मुसलमान विद्वानांत होती, हे मान्य करायला हवे. ख्रिस्ती धर्म सोडून आलेल्या अली इब्न रब्बान तबरीने (इतिहासकार तबरी तो वेगळा) नवव्या शतकात प्रेषितत्वाच्या खुणांत विजयांचीही गणना केली. त्याच बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकसारखे ख्रिस्ती विद्वान उत्तर देत की जोर, लालूच आणि सत्ता यांशिवाय पसरतो तोच धर्म खरा. म्हणजे आज आपण नवीन समजून बोलतो ती दोन्ही वाक्ये अकराशे वर्षांपूर्वी तिथे बोलून झाली होती. ख्रिस्ती उत्तरातही तीच खोट आहे, हे कॉन्स्टंटाइनपासूनच्या सगळ्या बादशहांना विचारावे. कुराणाची भूमिका मात्र या दोघांपेक्षा सावध आहे. ६२४ मध्ये बद्रला जिंकलेले मुसलमान पुढच्याच वर्षी उहुदला हरले, आणि तिसऱ्या सूरेत त्या पराभवाची जी चर्चा आहे तिचा आशय असा की जयापजयाचे दिवस माणसांत फिरते राहतात. हरणे ही परीक्षा आहे, निकाल नाही. धर्मात जबरदस्ती नसावी हे दुसऱ्या सूरेतले वचनही प्रसिद्धच आहे. विनोबांनी कुराणसार करताना या ग्रंथाकडे पाहिले ते अशाच वचनांच्या अंगाने. आणि तर्कच चालवायचा तर शेवटपर्यंत चालवावा. १२५८ मध्ये मोंगोल हुलागूने बगदाद जाळले, खलिफा मारला. विजय हा पुरावा असेल तर त्या दिवशी इस्लाम खोटा ठरला. पण १२९५ मध्ये त्याच हुलागूचा पणतू गाझान मुसलमान झाला. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा धर्म घेतला. विजयाची मोजपट्टी लावणाऱ्याला हे वर्ष कुठल्या रकान्यात टाकायचे ते सांगता येणार नाही. आपल्याकडे महाभारताने धर्म आणि जय यांचे समीकरण मांडले खरे, पण त्याच महाभारताने शांतिपर्वात जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नको म्हणून रडत बसवले आहे.

शेवटचा पुरावा त्याच साम्राज्याच्या घरातला. हिजरी ६१ च्या दहाव्या मोहरमला, १० ऑक्टोबर ६८० रोजी, करबला इथे प्रेषिताचा नातू हुसेन आणि त्याचे सत्तर-बहात्तर सोबती मारले गेले. मारणारे सैन्य उमय्या खलिफा यझीदचे. बारा वर्षांनी हज्जाजने उमय्यांना आव्हान देणाऱ्या अब्दुल्ला इब्न झुबैरला धरायला मक्केला वेढा घातला आणि काबाच्या आवारावर मंजनीकांनी दगड फेकले. देवलच्या देवळाचा झेंडा पाडणारा मंजनीक मुहंमद बिन कासिमबरोबर सिंधला पाठवणारा सुभेदार हाच हज्जाज. घराणे एक, सुभेदार एक, यंत्रही त्याच जातीचे. सिंध आणि स्पेन यांचे विजय जो धर्माच्या खात्यावर जमा करतो त्याला करबला आणि मक्का इथले विजयही त्याच खात्यावर मांडावे लागतील, आणि तसे करायला कोणताही श्रद्धाळू मुसलमान तयार होणार नाही. जो आरोप करतो त्यालाही उत्तर द्यावे लागेल की काबावर दगड टाकणारी सत्ता जर इस्लामची खरी ओळख, तर त्या दगडांखाली सापडलेले कोणत्या धर्माचे होते. वऱ्हाडात आजही गावोगावी मोहरमच्या सवाऱ्या बसतात आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात. यझीदच्या किंवा हज्जाजच्या नावाने कुठे काही बसत नाही. यावरून कोणी म्हणेल की मग शेवटी हुसेनच जिंकला, म्हणून तोच खरा. हेही मी मान्य करणार नाही. हे तर विजयाचेच माप, फक्त उशिरा लावलेले. हुसेनची बाजू न्यायाची होती की नव्हती हे ठरवायचे तर यझीदचा बाप मुआविया याने सल्लामसलतीची रीत मोडून मुलाला गादी द्यावी का, जबरदस्तीने मागितलेली निष्ठेची शपथ बांधील असते का, थोड्या माणसांनी अन्यायी सत्तेला नकार द्यावा की रक्तपात टाळावा, या प्रश्नांत शिरावे लागते. मुसलमान धर्मशास्त्र्यांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि त्या वादात करबलाच्या मैदानावर कोणाचे सैन्य उरले याचा उपयोग कोणालाच झालेला नाही.